गिरगावातील माळ्यावर मिळालेली हलकी फ्रेम: निर्माता कसा ओळखावा?

गिरगाव_माळा (प्रश्न)

नमस्कार. आमची गिरगावातील चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करताना माळ्यावरून माझ्या चुलत आजोबांची सायकल खाली काढली. ते १९५० च्या दशकात गोदीत नोकरीला होते आणि ही सायकल ‘विलायतेची’ आहे, एवढीच माहिती घरात शिल्लक आहे. चाके, ब्रेक, हँडल आणि क्रँक हे सारे नंतर बसवलेले साधे भाग दिसतात, म्हणून त्यांच्याविषयी विचारत नाही. फ्रेम आणि चिमटा मात्र इतके हलके आहेत की सामान तोलायच्या काट्यावर दोन्ही मिळून २.८ किलो भरले, आणि त्यात रंगाचे जाड थरही आले.

हेडवर, म्हणजे हँडलखालच्या नळीवर, निर्मात्याचा बिल्ला नाही आणि तो कधी होता असे सांगणारी भोकेही नाहीत. नळ्या जोडणारे लग साधे नसून त्यांच्या कडा वेलबुट्टीसारख्या कापलेल्या आहेत. मागच्या ड्रॉपआउटवर (चाकाचा अक्ष बसतो त्या खाचेच्या पट्टीवर) रंगाखाली ‘ब्रेव्ह. कॅम्पॅग्नोलो’ असे, म्हणजे सायकलचे भाग बनवणाऱ्या इटालियन कंपनीचे नाव, उमटलेले वाचता येते आणि उजव्या ड्रॉपआउटला खाली गिअर अडकवण्यासाठी आटे पाडलेला कान आहे. चिमट्याच्या उजव्या पायावर दिवा लावण्यासाठी असावी अशी एक छोटी गोल गुंडी जोडलेली आहे. बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा अक्ष बसतो त्या जागेच्या) शेलखाली चार आकडी क्रमांक ठोकलेला आहे आणि चिमटा काढल्यावर त्याच्या उभ्या नळीवरही तोच क्रमांक सापडला. वरचा रंग हिरवा ऑइल पेंट आहे आणि तो जिथे उडाला आहे तिथे खाली गडद तांबूस रंग दिसतो.

ही फ्रेम कोणी बनवली असावी आणि ते ठरवण्यासाठी आणखी काय पाहावे? हिरवा रंग उतरवावा की तसाच राहू द्यावा, याविषयीही जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. रंगकाम करणाऱ्या एका कारागिराने सगळे घासून पावडर कोटिंग करून देण्याची तयारी दाखवली आहे, पण मी अद्याप होकार दिलेला नाही.

दादर_पेडल

आपण वर्णन केले आहे तसे नक्षीदार लग फ्रान्सच्या नर्व्हेक्स प्रोफेशनल या प्रकाराचे असतात आणि ते इंग्लंडमधील नामांकित निर्माते वापरत असत. त्यामुळे ही क्लॉड बटलर किंवा हेचिन्स यांपैकी एक असावी असे मला वाटते. हेचिन्सचे लग तर सर्वांत नक्षीदार म्हणून प्रसिद्ध आहेत. फ्रेमचे एखादे छायाचित्र टाकल्यास नक्की सांगता येईल.

परळ_ब्रेझिंग

लगवरून निर्मात्याचे नाव सांगण्याची घाई करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण अनामिक फ्रेमच्या बाबतीत बहुतेक चुकीच्या ओळखी इथूनच सुरू होतात. लग हा विकत मिळणारा भाग होता. नर्व्हेक्स प्रोफेशनल लग इंग्लंडमधील अनेक लहान कारागिरांनी वापरले, फ्रान्समध्ये प्यूजोने आपल्या पीएक्स-१० या शर्यतीच्या सायकलला लावले आणि अमेरिकेत श्विनने पॅरामाउंटला लावले. एकाच पेटीतले लग तीन देशांत तीन वेगळ्या नावांखाली रस्त्यावर आले असतील, तर त्यांच्या आकारावरून नाव कसे ठरवणार? लगच्या कडा कारागिराने कानसीने किती पातळ केल्या, टोके किती निमुळती केली, नळीच्या कडेला सांध्याचे पितळ किती स्वच्छ भरले, यावरून हाताचा दर्जा मात्र कळतो, आणि तो पाहण्यासारखा असतो.

हेचिन्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासता येते. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध फ्रेमच्या मागच्या नळ्या नागमोडी वळवलेल्या असत. सरळ नळ्यांच्या फ्रेमही त्यांनी बनवल्या, त्यामुळे नळ्या सरळ आहेत एवढ्यावरून ते नाव बाद होत नाही. पण नक्षीदार लग पाहून ते चिकटवण्यालाही आधार नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये अशा दुरून ओळखू येणाऱ्या खुणांची चढाओढच होती. बेट्सचा दुहेरी वळणाचा चिमटा, बेन्सची उभ्या सीट ट्यूबची आणि आखूड चाकांतराची ‘फ्लाइंग गेट’, ‘पॅरिस’ नावाच्या इंग्रज निर्मात्याची ‘गॅलिबिए’ ही त्यांतली ठळक उदाहरणे. आपल्या वर्णनात असे काहीही आलेले नाही, म्हणून ही चारचौघांसारख्या घडणीची, पण चांगल्या हाताची फ्रेम आहे असे धरून पुढे जावे.

पहिले काम देश ठरवण्याचे आहे, आणि त्यासाठी रंगाला हात लावण्याची गरज नाही. बीबीचा उजवीकडचा कप, म्हणजे चेनच्या बाजूची आट्यांची वाटी, समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो की उलट दिशेने, हे पाहावे. काट्यांच्या दिशेने सुटत असेल तर तिथे डावे आटे आहेत आणि फ्रेम ब्रिटिश किंवा क्वचित स्विस मापाची आहे. उलट दिशेने सुटत असेल तर इटालियन किंवा फ्रेंच. ही एक चाचणी मी इतर सगळ्यांच्या वर ठेवतो, कारण रंग, लग, गिअर आणि दिवा बदलता किंवा नंतर जोडता येतात, पण शेलच्या आट्यांची दिशा कोणी सहसा बदलत नाही.

त्यानंतर मापे घ्यावीत. ब्रिटिश शेल ६८ मिमी रुंद असतो आणि त्याचे आटे १.३७० इंच व्यासाचे, इंचाला २४ असतात. इटालियन शेल ७० मिमी रुंद आणि आटे ३६ मिमी व्यासाचे, तेही इंचाला २४. फ्रेंच आणि स्विस आटे ३५ मिमी व्यासाचे व १ मिमी अंतराचे असतात. आता १.३७० इंच म्हणजे जवळजवळ ३४.८ मिमी, आणि १ मिमी अंतर म्हणजे इंचाला २५.४ आटे. ब्रिटिश आणि फ्रेंच मापांतला फरक इतका थोडा आहे की झिजलेल्या शेलमध्ये व्हर्नियर कॅलिपर फिरवून पाहिले तरी तो नजरेतून सहज सुटतो. रॅलेने आपल्या कारखान्यातील बहुतेक सायकलींना इंचाला २६ आटे ठेवले होते, त्यामुळे तीही शक्यता मोजून बाद करावी लागेल. आटे मोजायचे ते काढलेल्या कपवर, आणि कप शेलचा मूळ जोडीदार आहे याची खात्री करून. आपल्याकडे सैल कप घट्ट बसावा म्हणून पत्रा किंवा सुतळी गुंडाळलेली मी अनेकदा पाहिली आहे. अधिक खात्रीचा मार्ग असा की गिअरच्या सायकलींच्या दुकानातून ब्रिटिश आट्यांचा, ६८ मिमी शेलचा नवा कार्ट्रिज बीबी आणून तो पाना न लावता केवळ बोटांनी आत फिरवून पाहावा. तो दोन्ही बाजूंनी विनासायास आत गेला तर प्रश्न सुटला. अडकला तर जोर लावू नये.

नळ्यांचा बाहेरचा व्यासही बोलतो. ब्रिटिश फ्रेममध्ये सीट ट्यूब (सीटखालची) आणि डाउन ट्यूब (हेडपासून बीबीकडे येणारी तिरकी) २८.६ मिमी आणि टॉप ट्यूब (वरची आडवी) २५.४ मिमी असते. जुन्या फ्रेंच फ्रेममध्ये हीच मापे २८ आणि २६ मिमी असतात. रंगाचे थर माप फुगवतात, त्यामुळे रंग उडालेल्या जागी मोजावे आणि तिन्ही नळ्यांची मापे एकत्र वाचावीत.

सर्वांत जपून वाचायचे माप सीट पिलरचे, म्हणजे सीटच्या दांड्याचे आहे. नळी टोकांशी जाड आणि मधल्या भागात पातळ ठेवण्याची युक्ती बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १८९७ मध्ये पेटंट केली आणि १९३५ मध्ये त्यांनी मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ‘५३१’ नळी बाजारात आणली. सीट ट्यूब अशा प्रकारची असेल तर तिचा जाड भाग खाली बीबीकडे असतो आणि वरचे तोंड पातळ असते, म्हणून तिथे २७.२ मिमीचा पिलर बसतो. सरसकट एका जाडीच्या नळीत साधारण २६.४ किंवा २६.६ मिमीचा पिलर लागतो आणि साध्या पोलादाच्या जाड नळीत त्याहूनही बारीक. २७.२ आले म्हणून नळी ५३१ च आहे असे मात्र सिद्ध होत नाही. इटलीची कोलंबस किंवा इंग्लंडच्याच अ‍ॅकल्स अँड पोलॉकची नळीही असू शकते. त्या मापावरून इतकेच कळते की ही हलक्या सायकलीसाठी मुद्दाम निवडलेली नळी आहे.

काळाविषयी सांगायचे तर कॅम्पॅग्नोलोचा ग्रान स्पोर्ट गिअर १९५० च्या दशकाच्या आरंभी बाजारात रुळला आणि कान असलेले ड्रॉपआउट त्याच्यासोबत प्रचारात आले. त्याआधीच्या कांबियो कॉर्सा या गिअर पद्धतीच्या ड्रॉपआउटला दाते असत. दाते नसतील आणि कान असेल, तर फ्रेम त्या दशकाआधीची नाही. चिमट्यावरील दिव्याची गुंडी ही जुन्या ब्रिटिश क्लब सायकलींची खास खूण आहे आणि १९६० च्या दशकात ती दिसेनाशी होत गेली. या दोन खुणा एकमेकींना आधार देतात, परंतु ड्रॉपआउट दुरुस्तीत बदललेलेही असू शकतात, म्हणून त्यांच्या सांध्यावरचे पितळ इतर सांध्यांसारखेच आहे का, हे भिंगातून पाहावे.

चिमट्यावरचा आणि शेलवरचा क्रमांक जुळतो, ही आपल्या संपूर्ण वर्णनातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट आहे. चिमटा मूळचा आहे हे त्याने ठरते आणि फ्रेम एकेक करून बांधणाऱ्या कारागिराकडची असावी ही शक्यता बळावते. त्या चार आकड्यांत वर्ष आणि महिना शोधण्याचा मोह मात्र टाळावा. काही निर्माते क्रमांकात वर्ष घालत, काही केवळ पुढचा आकडा ठोकत, आणि कोण काय करत असे हे त्या त्या निर्मात्याच्या नोंदी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

पावडर कोटिंगला कृपया नकार द्यावा. त्यासाठी फ्रेमवर वाळूचा मारा करतात आणि त्यात पातळ नळी, लगच्या नाजूक कडा, उथळ ठोकलेला क्रमांक आणि खालच्या रंगावर राहिलेली अक्षरे या सर्वांचे नुकसान होऊ शकते.

वांद्रे_फ्रीव्हील

वरील तांत्रिक विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे. ही फ्रेम मुंबईत कशी आली असेल याचा विचारही ओळखीला मदत करतो, म्हणून दोन गोष्टी मांडतो.

आपल्याकडे सायकलींचे कारखाने नव्हते असे नाही. वरळीत हिंद सायकल्स होती, १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स सुरू झाली आणि आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला उभा राहिला. या कारखान्यांनी इंग्रजी नावांच्या सायकली बनवल्या, त्यामुळे जुन्या सायकलीवर इंग्रजी नाव दिसले की ती विलायतेची, हा समज मुंबईत घरोघरी आहे. मात्र त्या रोजच्या वापराच्या भक्कम सायकली होत्या. वेलबुट्टीचे लग, कॅम्पॅग्नोलोचे ड्रॉपआउट आणि २.८ किलो वजन हे एकत्र त्यांच्यात भेटणार नाही. आपल्या घरातील आठवण या बाबतीत खरी ठरण्याची दाट शक्यता आहे.

दुसरी गोष्ट आयातीची. स्वातंत्र्यानंतर देशी कारखान्यांना संरक्षण मिळावे म्हणून परदेशी सायकलींच्या आयातीवर निर्बंध आले, त्यामुळे १९५० च्या दशकातील अशी फ्रेम दुकानातून विकत घेण्यापेक्षा कोणा प्रवाशाच्या, खलाशाच्या किंवा खेळाडूच्या सामानातून बंदरावर उतरली असण्याचा संभव अधिक आहे, आणि आपले आजोबा गोदीत होते ही गोष्ट त्याच्याशी जुळते. घेणारेही इथे होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे सायकलपटू उतरले होते आणि त्यांत पारशी खेळाडूही होते. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट चढायचा तर हलक्या फ्रेमचे मोल कोणालाही सांगावे लागत नसे. त्या चढावर पहिल्या येणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणतात, ते उगीच नाही. आजोबांच्या कागदपत्रांत जहाजाची पावती, जकातीचा कागद किंवा एखाद्या सायकल क्लबची वर्गणी सापडली तर ती जपून ठेवावी. एका पावतीवर दुकानाचे नाव असेल तर ते सगळ्या मापांहून पुढे नेईल.

गिरगाव_माळा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तपासून पाहिले. उजवीकडचा कप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटला. शेलची रुंदी ६८ मिमी आहे आणि ग्रँट रोडच्या एका दुकानातून आणलेला ब्रिटिश आट्यांचा कार्ट्रिज दोन्ही बाजूंनी बोटांनीच पूर्ण आत गेला. सीट ट्यूब आणि डाउन ट्यूब रंग उडालेल्या जागी २८.६ मिमी, टॉप ट्यूब २५.४ मिमी. सीट पिलर बारीक होता आणि त्याभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळलेली होती. ती काढून नळीचे तोंड आतून मोजले तर २७.३ मिमी भरले. ड्रॉपआउटना दाते नाहीत आणि तिथले पितळ इतर सांध्यांसारखेच दिसते. मागच्या दोन ड्रॉपआउटमधले अंतर ११२ मिमी आहे, याचा अर्थ मला लागला नाही.

अंधारात बॅटरी तिरकी धरून पाहिल्यावर सीट ट्यूबवर हिरव्या रंगाखाली एका रुंद पट्ट्याच्या कडा उंचावलेल्या दिसतात. डाउन ट्यूबवरही काही उंचवटे आहेत, पण अक्षरे लागत नाहीत. मागच्या नळ्या सरळ आहेत. कागदपत्रांचा शोध चालू आहे.

परळ_ब्रेझिंग

आपण फार काळजीपूर्वक मोजले आहे. आता काही गोष्टी निश्चितपणे मांडता येतात. डावे आटे, ६८ मिमीचा शेल, बोटांनी आत गेलेला कार्ट्रिज आणि तिन्ही नळ्यांचे व्यास एकाच बाजूला बोट दाखवतात, त्यामुळे ही फ्रेम ब्रिटिश मापांची आहे. फ्रेंच आणि स्विस शक्यता संपली आणि रॅलेचे २६ आटेही बाद झाले. नळीचे तोंड २७.३ म्हणजे २७.२ चा पिलर, अर्थात पातळ तोंडाची सीट ट्यूब. दिव्याची गुंडी आणि कानाचे ड्रॉपआउट मिळून काळ १९५० च्या दशकाचा, फार तर १९६० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांपर्यंतचा ठरतो.

११२ मिमीच्या अंतराने गोंधळू नये. त्या काळी मागच्या चाकावरच्या पाच दातेरी चक्रांच्या फ्रीव्हीलसाठी १२० मिमी अंतर ठेवत. पुढे कोणीतरी आपल्याकडचे साधे एका चक्राचे हब बसवले आणि नट आवळून आवळून फ्रेम आत ओढली गेली, असे दिसते. मधली रेषा तपासून ती पूर्ववत करता येते, परंतु हे काम दोरा लावून दोन्ही बाजू सारख्या मोजणाऱ्या कारागिराकडेच द्यावे.

नावाच्या बाबतीत माझे मत असे आहे की दादरकरांनी सुचवलेले क्लॉड बटलर शक्यतेच्या यादीत राहील, पण त्याहून वर जाणार नाही. त्या नावाचा धंदा १९५० च्या दशकात बुडाला आणि नाव होल्ड्सवर्थ या दुसऱ्या निर्मात्याकडे गेले. म्हणजे एकाच नावाखाली दोन वेगळ्या घरांच्या फ्रेम आहेत. याच्या उलट, इंग्लंडमधील अनेक सायकल दुकाने दुसऱ्या कारागिराकडून फ्रेम बांधून घेऊन त्यांवर स्वतःचे नाव लावत. तेव्हा ‘कोणी बनवली’ आणि ‘कोणाच्या नावाने विकली’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात, आणि आपल्या फ्रेमला बिल्ल्याची भोके नसल्याने नाव फक्त रंगावर चिकटवलेल्या ट्रान्स्फरमध्ये, म्हणजे छापील नावपट्टीत, होते. ते ट्रान्स्फर हिरव्या रंगाखाली अजून शिल्लक आहे, हे आपल्या बॅटरीनेच दाखवून दिले.

म्हणून आता हिरवा रंग उतरवण्याचे काम हाती घेण्यास हरकत नाही, पण केवळ डाउन ट्यूबवर आणि अगदी थोड्या जागेत. खालचा तांबूस रंग भट्टीत भाजलेला असेल तर तो ऑइल पेंटहून कठीण असतो, आणि वरचा थर त्यावरून अलगद सुटू शकतो. आधी शेलच्या खाली, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी प्रयोग करावा. बोथट प्लास्टिकची पट्टी तिरकी धरून हिरवा थर उचलून पाहावा. थिनर, अ‍ॅसिटोन आणि पॉलिश पेपर यांपैकी काहीही लावू नये, कारण ट्रान्स्फर त्यांच्यापुढे क्षणभरही टिकणार नाही. एक अक्षर उघडे झाले की थांबून छायाचित्र घ्यावे. पावसाळ्यात हे काम करू नये. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत उघड्या पडलेल्या पोलादावर एका रात्रीत गंज धरतो, म्हणून जिथे धातू दिसेल तिथे लगेच मेणाचा पातळ हात द्यावा.

इंग्लंडमधील व्हेटरन-सायकल क्लबमध्ये एकेका निर्मात्याच्या नोंदी सांभाळणारे जाणकार आहेत. त्यांना लिहिताना संपूर्ण फ्रेम चेनच्या बाजूने, हेडचे दोन्ही लग जवळून, सीट लग आणि त्याला मिळणाऱ्या नळ्यांची टोके, चिमट्याचा माथा, दोन्ही ड्रॉपआउट आणि ठोकलेला क्रमांक, अशी छायाचित्रे पाठवावीत. क्रमांकावर खडू घासला की आकडे स्पष्ट येतात. सीटपाशी मागच्या नळ्यांची टोके कशी बंद केली आहेत, गोलाकार, खोलगट की सीट लगवरून गुंडाळलेली, यात कारागिराची सवय दिसते आणि जाणकार आधी तिकडेच पाहतात. कोणाचेही नाव आपण होऊन सुचवू नये, म्हणजे उत्तर देणारा त्या नावाच्या मागे जाणार नाही.

दादर_पेडल

सविस्तर स्पष्टीकरणाबद्दल आभारी आहे. लग हा विकतचा भाग असतो हे ध्यानात आले. माझ्याकडे २७ × १¼ इंचाच्या चाकांची जुनी जोडी आहे. ब्रेकच्या भोकापासून रिमपर्यंतचे अंतर त्या चाकांवर मोजले तर फ्रेम मुळात २७ इंची चाकांसाठी होती की शर्यतीच्या ७०० मापाच्या चाकांसाठी, हे कळू शकेल. दोन्हींच्या व्यासात ८ मिमीचा फरक आहे, त्यामुळे ब्रेकचे रबर ४ मिमी वर-खाली बसेल. रविवारी चाके घेऊन गिरगावात येऊ शकतो.

गिरगाव_माळा

जरूर या. तोपर्यंत शेलखालच्या जागी रंगाचा प्रयोग करून ठेवतो आणि क्रमांकाचे छायाचित्र इथे टाकतो. पावडर कोटिंगवाल्यांना आजच नकार कळवला आहे.